भोक पडलेले कलम विकू नका : मुंबईला फळझाडे पुरवणाऱ्या रोपवाटिकाचालकांना खुले पत्र

प्रति,
मुंबई आणि आसपासच्या विक्रेत्यांना फळझाडांची कलमे पुरवणारे सर्व घाऊक रोपवाटिकाचालक

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटी तुमची-आमची जी बैठक झाली, तिच्यात दोन गोष्टी ठरल्या. गाडीतून उतरवलेले कलम कोणत्याही कारणाने परत घेतले जाणार नाही, आणि किड्यामुळे कलमांच्या खोडाला पडणाऱ्या बारीक भोकांचा विषय गिऱ्हाइकासमोर काढायचा नाही. ऐन हंगामात बोभाटा नको. मी त्या बैठकीला हजर होते. मी हरकत घेतली तेव्हा 'ताई, पावसाळा जाऊ दे, मग बघू' असे म्हणून विषय गुंडाळला गेला. पावसाळा सरेल तोवर ही कलमे शेकडो अंगणांत आणि वाड्यांत जमिनीत गेलेली असतील. मग बघायचे काय? म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही वाचा, आणि तुमच्याकडची झाडे शेवटी ज्यांच्या दारात जातात त्या लोकांनीही वाचावे.

मुलुंडला आमची लहानशी रोपवाटिका आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी चालवते. हापूस, केशर, चिकू, जांभूळ, पेरू, कागदी लिंबू आणि अलीकडे मागणी वाढलेला ॲव्होकॅडो एवढाच माझा पसारा. सगळी कलमे मी स्वतः बांधत नाही, मुंबईत तेवढी जागा कोणाकडे आहे? ती तुमच्याकडून येतात. माझ्याकडून ती तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत, सोसायट्यांच्या कुंपणाला, शाळांच्या मैदानाकडेला, गोराई-मनोरीच्या वाड्यांत जातात. आणि मोठा वाटा जातो गावी. जूनमध्ये आणि गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी रेल्वेच्या डब्यात किंवा एसटीच्या टपावर हापूसची दोन कलमे नेतोच. तो मला ओळखतो, तुम्हाला ओळखत नाही. कलम मेले की तो माझ्याकडे येतो, आणि त्याच्यासमोर मी तुमच्या बिलावरचा 'माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का दाखवू शकत नाही.

आता काय झाले ते नीट सांगते, कारण बैठकीत 'कसली भोके, कुठली भोके' असेही विचारले गेले.

या हंगामातल्या एका गाडीतून हापूसची आणि ॲव्होकॅडोची दोन-अडीच वर्षांची कलमे उतरली. पाने तुकतुकीत, नवी पालवी तांबूस. बुंध्याला मात्र पिशवीच्या मातीपासून वीतभर गेरू फासलेला होता. पिशवीतल्या कोवळ्या कलमाला गेरू कशासाठी, म्हणून ओल्या फडक्याने पुसला. खाली सालीत टाचणीच्या डोक्याएवढी भोके होती, आणि त्यांत लांबी भरलेली होती. सुतार खिळ्याच्या खड्ड्यात भरतात, तीच लांबी. शेजारच्या ओळीतली काही कलमे कदाचित घाईत सुटली असावीत, त्यांवर गेरू नव्हता. त्यांच्या खोडातून भुशाच्या पांढुरक्या कांड्या बाहेर आलेल्या होत्या, न झडलेल्या अगरबत्तीच्या राखेसारख्या. बोट लागले की मोडत. झारीने पाणी घातले की वाहून जात. म्हणूनच ज्या रोपवाटिकेत रोज वरून पाणी मारतात तिथे कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यातले एक कलम मी उभे चिरले. साल वरून चांगली दिसत होती, पण आतले लाकूड भोकाभोवती काळपट पडले होते. बारीक बोगदा सरळ आत गेलेला, पुढे फाटे फुटलेले. त्यात बिनपायाच्या पांढऱ्या अळ्या, काही कोष, आणि तांबूस-तपकिरी भुंगेरे, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचे. ही कलमे माझ्याकडे येऊन तीन दिवस झाले होते. तुम्ही म्हणता की किडा आमच्याकडे आल्यावर लागला. या भुंगेऱ्यांना अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे चार ते आठ आठवडे लागतात. तीन दिवसांत कोष होत नाही. किडा तुमच्या शेडमध्ये लागला, तिथेच त्याचा संसार वाढला, आणि तुम्हाला तो ठाऊक होता. नसता, तर लांबी भरायची गरजच नव्हती.

या किड्याला आपण सगळे सरसकट 'खोडकिडा' म्हणतो, आणि इथेच घोटाळा होतो. कोकणातल्या माणसाला खोडकिडा म्हटले की भिरूड आठवते. भिरूड म्हणजे लांब मिशांचा मोठा भुंगा. त्याची बोटाएवढी जाड अळी जुन्या आंब्याचे नि फणसाचे खोड पोखरते. तिच्यावरचा उपाय आपल्या वाडवडिलांना माहीत होता : भोकात तारेचा आकडा घालून अळी ओढायची, औषधात भिजवलेला बोळा कोंबायचा आणि वरून चिखलाने लिंपायचे. मोठ्या झाडात एक अळी, एक बोगदा, तिथे हा उपाय चालतो. तुमच्या माणसांनी तोच उपाय लांबीच्या रूपात या बारीक भोकांवर चालवला, असे मी समजून घ्यायला तयार आहे. पण तो इथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते तुम्ही आम्हा विक्रेत्यांपेक्षा आधी समजून घ्यायला हवे.

हे बारीक भुंगेरे अँब्रोसिया भुंगेरे या गटातले. ते लाकूड खात नाहीत. मादी खोडात बोगदा कोरते आणि अंगावरून आणलेल्या बुरशीची बोगद्याच्या भिंतींवर लागवड करते. ती आणि तिची पिल्ले खातात ती ही बुरशी. नर उडत नाहीत, बहुतेक जन्मल्या बोगद्यातच मरतात. नव्या माद्यांचे मीलन तिथेच भावंडांशी होते आणि त्या गाभण होऊनच बाहेर पडतात. म्हणजे नवी वस्ती वसवायला एकच मादी पुरते. तुमच्या एका कलमातून किती माद्या माझ्या मांडवात उडाल्या, त्याचा हिशेब लावा. लाकूड खातच नसल्यामुळे झाडातून फिरणारे आंतरप्रवाही औषध त्यांच्या पोटात फारसे जात नाही. एकदा आत शिरल्यावर वरून मारलेला फवारा पोहोचत नाही. भोक बुजवले तर आतली मादी पुन्हा कोरते. आणि समजा ती मेली, तरी बुरशी लाकडात राहतेच, शिवाय त्या वाटेने दुसरे रोग आत शिरतात. दंडाएवढ्या फांद्यांचे मोठे झाड असे दहा घाव सोसेल. बोटाएवढ्या जाडीचे कलम सोसत नाही. आधी शेंडा मान टाकतो, मग पाने झाडावरच वाळतात, आणि बहुतेकदा कलमाच्या सांध्याखालून खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचा, रानटी फुटवा येतो. गिऱ्हाईक त्यालाच आनंदाने पाणी घालत बसते. पाच-सात वर्षांनी रायवळ आंबा लागला की त्याला कळते की हापूस केव्हाच गेला होता.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, हा निसर्गाचा कोप आहे, रोपवाटिकावाल्याने काय करावे. खरे तर बरेच काही तुमच्या हातात आहे. हे भुंगेरे धडधाकट झाडावर सहसा बसत नाहीत. मुळे गुदमरली की झाडात अल्कोहोल तयार होते, इथेनॉल, आणि त्याच्या वासावर ते येतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात संशोधकांनी कुंडीतली झाडे मुद्दाम पाण्यात बुडवून पाहिली. भुंगेऱ्यांनी ती गाठली, आणि शेजारची निचरा होणारी झाडे बहुतेक सोडून दिली. आता तुमच्याकडच्या मांडवांकडे बघा. जमिनीवर प्लास्टिक अंथरलेले, त्यावर पिशव्या खेटून ठेवलेल्या, पिशवीची खालची भोके चिखलाने बंद, आणि वर आपल्या भागाचा पाऊस, जो चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. कडेला छाटलेल्या फांद्यांचा, मेलेल्या खुंटांचा आणि आंब्याच्या जुन्या पेट्यांचा ढीग. किड्याला बोलावणे आणि राहायला घर, दोन्ही आपणच दिले आहे.

आपल्याकडे हा किडा परका नाही. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबवाल्यांना विचारा. तिथे मर रोगासोबत हे बारीक भोके पाडणारे भुंगेरे किती बागा संपवून गेले हे त्यांच्या तोंडून ऐका. चहाच्या मळ्यांना आणि दक्षिणेतल्या रोबस्टा कॉफीला त्यांचा उपद्रव फार जुना आहे. आपल्या आशियातली एक जात १९७४ साली अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात पीचच्या झाडांवर सापडली आणि तिथल्या रोपवाटिकांची डोकेदुखी होऊन बसली. दुसरी २००२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहराजवळ सापडली. तिच्या बुरशीने रानातली रेडबे नावाची कोट्यवधी झाडे मेली आणि पुढे फ्लोरिडाच्या ॲव्होकॅडो बागांना ग्रासले. दक्षिण आफ्रिकेत २०१७ मध्ये असाच एक भुंगेरा नोंदला गेला आणि जोहान्सबर्गच्या रस्त्याकडेची झाडे त्याने पोखरली. या साऱ्या ठिकाणी किड्याला लांब न्यायला माणूसच कारणीभूत ठरला : लाकडी खोकी, जळाऊ लाकूड, रोपांच्या गाड्या. दोन मिलिमीटरचा किडा स्वतःच्या पंखांनी मुलुंडहून देवगडला जाणार नाही. चाकरमान्याच्या पिशवीतून जाईल. ज्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बागांत आपण स्वतःच्या हाताने भोक पडलेले कलम पाठवायचे का, एवढा एक प्रश्न तुमच्या मनाला विचारा.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार लपवालपवीची आहे. कलमाला कीड लागणे हा गुन्हा नाही. कोणाच्याही मांडवात लागू शकते. पण गेरू आणि लांबी लावून ते गाडीत चढवणे ही फसवणूक आहे, आणि ती एखाद्याच ठिकाणी घडली असती तर मी त्याच्याशी खाजगीत बोलले असते. बैठकीत बाकीच्यांनी मान खाली घातली, त्यावरून ती एकाची नाही हे कळले.

दुसरे, परत न घेण्याचा ठराव. आमच्यासारख्या किरकोळ विक्रेत्याचे भांडवल ते केवढे! दोनशे-तीनशे रुपयांच्या कलमात आमचा सुटतो तो फायदा गाडीभाड्यात आणि पाणी घालणाऱ्या मुलाच्या पगारात जातो. त्यातली चौथाई कलमे जाळावी लागली तर आम्ही ती जाळणार नाही, गपचूप विकू. तुमचा ठराव आम्हाला त्याच वाटेला लावतो. माझ्या ओळखीचे काहीजण लागलेही आहेत, आणि मला त्यांचा राग येत नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. राग येतो तो या ठरावाचा.

तिसरे, कायद्याचे. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. परवाना लागतो. खुंट कुठला, त्यावर बांधलेली कलमकाडी कोणत्या मातृवृक्षाची याची नोंद ठेवावी लागते. रोपे आणि मातृवृक्ष किडरोगांपासून मुक्त ठेवणे हे परवानाधारकाचे काम आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात परवान्याची चौकट भिंतीवर टांगलेली आहे. मग बिलावर नुसते 'हापूस, नग अमुक' एवढेच का? लॉट कुठला, कलम कधी बांधले, खुंट कुठून आला, काहीच नाही. कीड कोणत्या गाडीतून आली हे शोधायची वेळ आली तर धागा हाताला लागू नये अशीच ही रीत आहे.

चौथी गोष्ट फक्त तुमची नाही, मोठ्या खरेदीदारांचीही आहे. वृक्षारोपणाची कंत्राटे निघतात त्यांत रोपाची उंची लिहिलेली असते आणि सगळ्यात कमी दर लागतो. उंची भरावी म्हणून रोप लहान पिशवीत दोन-तीन पावसाळे उभे राहते. मुळांची गुंडाळी होते. झाड वर वाढते, खाली घुसमटते. असे झाड भुंगेऱ्याला आयते सापडते. वनमहोत्सव १९५० पासून दर जुलैत होतो, त्याच्या तोंडावर एकदम हजारो रोपे उचलली जातात आणि बुंधा वाकून बघायला कोणाला सवड नसते. फोटोत शेंडा येतो. जी संस्था, सोसायटी, शाळा हे पत्र वाचेल तिला माझी विनंती : उंची सोडा, बुंध्याचा खालचा हातभर भाग पुसून बघा, पिशवी एक तरी फाडून मुळे बघा, आणि मगच पैसे द्या. गेरू किंवा लांबी दिसली तर गाडी तशीच माघारी लावा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्यातली एकही अशी नाही की जी तुम्हाला या महिन्यात सुरू करता येणार नाही.

भोक पडलेले एकही कलम फाटकाबाहेर जाता कामा नये. ते मुळासकट त्याच दिवशी जाळायचे. मांडवामागे टाकायचे नाही, सरपणाला कोणाला द्यायचे नाही. मेलेल्या खोडातही भुंगेरे पुढे निपजतात. छाटणीचा आणि जुन्या पेट्यांचा ढीगही त्याबरोबर हलवा.

गाडी उतरल्यापासून पंधरा दिवसांत ज्या कलमात भोक आणि आत कोष किंवा भुंगेरा दिसेल ते बदलून द्या. खराब माल परत न्या असे म्हणत नाही, तो मी इथेच जाळीन, फोटो आणि चिरलेले खोड तुमच्या माणसाला दाखवीन. पंधरा दिवस याचसाठी म्हणते, की तेवढ्यात सापडलेला कोष तुमच्याकडचाच असतो.

प्रत्येक बिलावर लॉट क्रमांक, कलम बांधल्याचा महिना आणि खुंटाचे ठिकाण लिहा. खुंट आणि कलमकाडी कुठली याची नोंद ठेवायला कायदाही सांगतो.

पिशव्या प्लास्टिकवरून उचला. खडीवर किंवा विटांवर ठेवा, ओळींत वाट सोडा, पिशवीची भोके पावसाआधी मोकळी करा. याला खर्च येतो हे मला मान्य आहे, आणि त्यासाठी कलमामागे दहा-वीस रुपये जास्त द्यायला मी तयार आहे. माझ्यासारखे आणखीही विक्रेते तयार होतील. आजवर कोणी आम्हाला विचारलेच नाही.

फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत सापळे लावा. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीला बाजूने खिडक्या कापायच्या, तळाशी अल्कोहोलचे सॅनिटायझर ओतायचे आणि झाडीच्या कडेला कमरेच्या उंचीवर टांगायचे. एवढाच त्याचा खर्च. सापळ्यात भुंगेरे पडू लागले की तेव्हा, म्हणजे किडा खोडात शिरायच्या आधी, बुंध्यावर फवारणी उपयोगाची. कोणते औषध आणि किती, हे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच. दुकानदाराने सांगितले म्हणून नको.

आणि एक बैठक पुन्हा घ्या. या वेळी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना आणि कृषी खात्याच्या रोपवाटिका तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना बोलवा. मी चिरलेली खोडे आणि स्पिरिटमध्ये ठेवलेले भुंगेरे घेऊन येते. जात कोणती हे ते सांगतील, म्हणजे 'कसली भोके' हा प्रश्न मिटेल. मेमधला ठराव त्याच बैठकीत रद्द करा आणि तसे सगळ्या विक्रेत्यांना कळवा.

या पत्रात मी कोणाचे नाव घेतलेले नाही आणि घेणार नाही. तुमच्यापैकी अनेकांकडून मी धंदा शिकले. सासरे गेले तेव्हा उधारीवर गाडी पाठवणारेही तुमच्यातच आहेत, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच कोर्टकचेरीची भाषा करत नाही, थेट तुम्हाला लिहिते आहे.

माझ्या बाजूने मी ठरवले आहे ते असे. यापुढे माझ्या दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीतली कलमे उतरवण्याआधी बुंधे पुसून बघितले जातील, तुमच्या ड्रायव्हरसमोर. भोक सापडले तर ती गाडी मी घेणार नाही, आगाऊ रक्कम अडकली तरी चालेल. ज्या गिऱ्हाइकांनी या हंगामात माझ्याकडून हापूस किंवा ॲव्होकॅडोचे कलम नेले आहे त्यांनी बुंधा तपासावा. भुशाची कांडी किंवा बारीक भोक दिसल्यास ते उपटून जागेवरच जाळावे, मला फोटो दाखवावा आणि बदली कलम किंवा पैसे घेऊन जावेत. गावी नेलेल्यांनी गणपतीला जाल तेव्हा आठवणीने बघा, आणि झाड कोणत्याही परिस्थितीत मुंबईला परत आणू नका.

तुमच्या उत्तराची वाट पाहते. ते फोनवर नको, लेखी द्या, म्हणजे मला ते दुकानाच्या पाटीशेजारी लावता येईल.

आपली,
मुलुंडमधील एक किरकोळ रोपविक्रेती